फुलाचा दुसरा दिवस

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात गुलछडी मागितली की समोरून प्रश्न येतो, "सुटी देऊ की काडी?" सुटी म्हणजे दांड्यावरून खुडलेली फुलं. ती किलोवर तोलून मिळतात आणि हाराला, वेणीला, देवाला जातात. काडी म्हणजे हातभर लांबीचा अखंड दांडा. खाली उमललेली दोन-चार फुलं आणि वर टोकापर्यंत मिटलेल्या कळ्या. ती नगावर मिळते आणि फुलदाणीत जाते. फूल एकच, वासही तोच. पण सुटी गुलछडी घेणाऱ्याच्या मनात आजची संध्याकाळ असते आणि काडी घेणाऱ्याच्या मनात येता आठवडा.

हे पुस्तक काडी घेणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या वापरातल्या भांड्यांत, मोजक्या अवजारांनी घरी फुलं कशी मांडावीत आणि मांडलेली फुलं चार-आठ दिवस कशी टिकवावीत, एवढाच त्याचा विषय. गेली २५ वर्षं मी घरगुती पुष्परचनेचे वर्ग घेते आहे. वर्गाला येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्याच दिवशी विचारतात, "रंगसंगती कधी शिकवणार?" मी त्यांना आधी बादली भरायला सांगते. या पुस्तकाचा क्रमही तोच ठेवला आहे. त्यामागचं कारण सांगावं, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवते आहे.

सुट्या फुलांत आपला हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. माझी आजी कोकणातली. केळीच्या सोपाचा दोरा काढून ती तो पाण्यात भिजत टाकायची आणि त्यावर अबोलीचा वळेसर करायची. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मध्ये गाठ. बोटं चालू असायची आणि डोळे अंगणात खेळणाऱ्या आमच्यावर. सुई तिला लागत नसे. मोगऱ्याचा गजरा, शेवंतीची वेणी, दसऱ्याचं झेंडूचं तोरण, मंगळागौरीची पत्रीफुलांची मांडणी, दारातली फुलांची रांगोळी, देवघरात तबकात रचलेली जास्वंद, तगर आणि दूर्वा. या सगळ्या पुष्परचनाच आहेत, आणि त्यांचं कौशल्य अव्वल दर्जाचं आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या ६४ कलांतही फुलांच्या कला मानाने बसल्या आहेत. माल्यग्रथन म्हणजे माळा गुंफणं, शेखरकापीडयोजन म्हणजे केसांत फुलांची आभूषणं माळणं, पुष्पास्तरण म्हणजे फुलं अंथरणं, शिवाय तांदूळ आणि फुलांनी केलेली पूजेची मांडणी. यादी नीट वाचली की ध्यानात येतं, या सगळ्या कला खुडलेल्या फुलांच्या आहेत.

याला कारण आहे. आपली लाडकी सुगंधी फुलं बहुतेक बिनदेठाचीच म्हणायची. मोगरा, जाई, जुई, सायली, बकुळ यांचा देठ बोटाच्या पेराएवढाही भरत नाही. पारिजातक तर पहाटे आपणहून खाली उतरतो. आणि देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. ते काढून नवं वाहायचं, हीच रीत. गजरा रात्री उतरवून ठेवायचा, सकाळी तुळशीत टाकायचा. आपल्या परंपरेत फुलाला दुसरा दिवस नव्हता, म्हणून तो दिवस कसा सांभाळायचा हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. फुलदाणी मात्र तोच दिवस मागते, आणि तिसरा, चौथा, पाचवाही मागते.

पाण्यातल्या फुलांची आपल्याला अजिबात ओळख नव्हती, असंही कुणी समजू नये. सांचीच्या शिल्पांत पूर्णघट आहे. गोल पोटाच्या घटातून कमळाची फुलं, कळ्या आणि पानं दोन्ही अंगांनी उसळून वर आली आहेत. त्या घटाचं घरगुती रूप म्हणजे आपला कलश. तांब्यात पाणी, तोंडावर आंब्याची किंवा विड्याची पाच पानं, त्यावर नारळ. या मांडणीकडे एकदा पूजेबाहेरच्या नजरेनं बघावं. पानांचे देठ पाण्यात आहेत, पानं समान अंतरानं बाहेर झुकली आहेत आणि नारळाच्या वजनानं ती तांब्याच्या गळ्याशी पक्की दाबली गेली आहेत. पाणी, आधार आणि तोल. पुष्परचनेचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत येतं, आणि ते दर चतुर्थीला, दर सत्यनारायणाला आपल्या चौरंगावर असतं. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, आंब्याचे टाळे आणि रानातली फळंफुलं टांगलेली असतात. कुठला जड घोस कुठे बांधला की चौकट कलत नाही, हे तिथल्या घराघरांत माहीत असतं. आणि तेरड्याची गौर तर मुळांसकट आणतात. मूळ, दांडा, पान, फूल असं सगळं रोप घरात येतं. फुलाला त्याच्या देठापासून तोडून न पाहण्याचा हा संस्कार आपल्याकडे आहे. तो फुलदाणीपर्यंत आणायचा आहे.

गेल्या तीन-चार दशकांत आपल्या बाजाराचं रूप पालटलं. मावळात, तळेगावच्या परिसरात पॉलिहाऊस उभी राहिली. तिथला डच गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो आणि वर्षभर आपल्याही बाजारात असतो. २० नगांची गुलाबाची जुडी, १० नगांची जरबेऱ्याची जुडी, लिलियम, कार्नेशन, ऑर्किड, जिप्सोफिला आता दादरच्या फूलबाजारात पहाटे सहज मिळतात आणि तालुक्याच्या गावीही पोचतात. वाढदिवसाला, सत्काराला, आजाऱ्याला भेटायला जाताना माणसं पुष्पगुच्छ नेतात. आणि घरोघरी त्याचं पुढे एकच होतं. प्लॅस्टिकच्या कागदासकट गुच्छ टीव्हीशेजारी ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी गुलाबाची मान लवते, तिसऱ्या दिवशी जरबेरा वाकतो, चौथ्या दिवशी सगळं केराच्या टोपलीत. "हल्लीची फुलं टिकतच नाहीत," असं म्हटलं जातं. फुलावरचा हा आरोप मला सहन होत नाही. नीट निगा राखली तर कार्नेशन दोन-दोन आठवडे राहतं.

हे मलाही ठेच लागूनच कळलं. घरातल्या एका साखरपुड्याची सजावट मी हौसेनं अंगावर घेतली होती. सकाळी बाजारातून जरबेरा आणि गुलाब आणले, ओट्यावर तासभर तसेच ठेवले, कात्रीनं देठ कापले, उंच काचेच्या नळ्यांमध्ये गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि फुलं त्यात सोडली. दुपारी बारा वाजता दालन देखणं दिसत होतं. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा निम्मे जरबेरे माना टाकून उभे होते. कुणी काही बोललं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. फुलं चांगली होती आणि पाणी भरपूर होतं, तरी असं का झालं? या प्रश्नामागे मी लागले. नर्सरीवाल्यांना, बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांना, फुलशेती करणाऱ्यांना विचारत राहिले. वनस्पतिशास्त्राची पुस्तकं उघडली. उत्तर देठाच्या आत होतं.

झाडावर असताना फुलाला पाणी खालून ढकललं जात नाही, ते वरून ओढलं जातं. पानांतून आणि पाकळ्यांतून वाफ निघून जाते, तिच्या ओढीनं देठातल्या केसाहून बारीक जलवाहिन्यांतून पाण्याचा धागा वर सरकत राहतो. हा धागा ताणलेला असतो. हवेत देठ कापला की तो तुटतो आणि कापलेल्या तोंडातून हवा आत खेचली जाते. मग देठ पाण्यात ठेवला तरी हवेचा बुडबुडा वाट अडवून बसतो. भरल्या विहिरीशेजारी पंपात हवा धरावी, तशी फुलाची गत होते. म्हणून पहिला नियम असा की देठ पाण्याखाली कापावा. बादलीत किंवा परातीत पाणी घ्यायचं, देठाचं टोक बुडवायचं आणि खालचा तीन-चार सेंटिमीटर भाग पाण्यातच तिरका छाटायचा. कापाच्या तोंडाशी तेव्हा हवा नसते, पाणी असतं. जपानी लोक याला मिझुकिरी म्हणतात, म्हणजे अक्षरशः पाण्यातली काप. तिरकी काप एवढ्याचसाठी की देठाचं तोंड भांड्याच्या तळाला चिकटून बंद होऊ नये.

दुसरा शत्रू जिवाणू. पाण्यात बुडालेलं प्रत्येक पान दोन दिवसांत कुजतं. त्यावर वाढलेले जिवाणू देठाच्या तोंडाशी बुळबुळीत थर धरतात आणि जलवाहिन्या बुजवतात. फुलदाणीच्या पाण्याला येणारा वास हीच त्याची खूण. पाण्याच्या पातळीखालचं एकही पान ठेवायचं नाही, फुलदाणी साबणानं आणि ब्रशनं आतून घासायची, दर दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं आणि बदलताना देठ पुन्हा जरासा छाटायचा. एवढं केलं तरी फुलांचं आयुष्य डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं. बाजारातल्या 'फ्लॉवर फूड'च्या पुडीत तीन गोष्टी असतात. फुलाला ऊर्जा म्हणून साखर, पाणी सहज चढावं म्हणून आम्ल आणि जिवाणू रोखणारं द्रव्य. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि साध्या ब्लीचचे काही थेंब पुरतात. लिंबाचा रस आणि ब्लीच दोन्ही पाण्यात वेगवेगळे घालावेत, एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो. नुसती साखर घालण्याची चूक बरेच जण करतात. त्यानं फुलाआधी जिवाणूंचं पोट भरतं.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पिकणाऱ्या फळांतून एथिलिन नावाचा वायू बाहेर पडतो. आंबे पिकत घातलेल्या खोलीत किंवा केळ्यांच्या फण्याशेजारी कार्नेशन ठेवलं तर ते एका रात्रीत पापणी मिटल्यासारखं मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. जेवणाच्या टेबलावर फळांची टोपली आणि फुलदाणी शेजारी ठेवायची आपल्याला आवड असते. मे महिन्यात तरी ती आवरावी.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट विश्रांती. बाजारातून आणलेलं फूल प्रवासानं शिणलेलं असतं. पाण्यात कापून झालं की ते घरातल्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात, न्हाणीघरात म्हणा, बादलीभर पाण्यात निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर ठेवावं. गुलाबाची मान आधीच लवली असेल तर जुडी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, ताठ उभी राहील अशी, कोमट पाण्यात ठेवावी. बहुतेक वेळा सकाळपर्यंत माना वर येतात. लवलेली मान ताठ झालेली पहिल्यांदा पाहतात तेव्हा माझ्या वर्गातल्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

नियम सगळ्यांना सारखे असले तरी प्रत्येक फुलाची प्रकृती वेगळी. जरबेऱ्याचा देठ लुसलुशीत आणि केसाळ. खोल पाण्यात तो सडतो, म्हणून त्याला पाच-सहा सेंटिमीटर पाणी पुरे. त्या साखरपुड्यातली माझी चूक ही. गुलछडीची काडी खालून वर उमलत जाते. खालची सुकलेली फुलं रोज खुडली की वरच्या कळ्यांना वाव मिळतो. ग्लॅडिओलसचा दांडा आडवा ठेवला तर त्याचं टोक वर वळतं आणि काही तासांत तो कायमचा वाकडा होतो. तो बाजारातून आणतानाही उभाच धरावा. झेंडूची पानं पाणी फार लवकर नासवतात, ती निर्दयपणे काढावीत. देवचाफा, कण्हेर यांच्या देठातून चीक गळतो. तो इतर फुलांच्या पाण्यात उतरू नये म्हणून कापलेलं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून बंद करावं किंवा ती फुलं वेगळ्या पाण्यात काही वेळ निथळू द्यावीत. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हात धुवावेत. जास्वंद मुळात एका दिवसाची. पाण्यात ठेवा की पितळी ताटलीत कोरडी ठेवा, ती संध्याकाळपर्यंतच राहते. मग ती ताटलीतच मांडावी, तिच्याकडून आठवड्याची अपेक्षा करू नये. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग अशा फुलवार नोंदींचा आहे, कारण फुलाशी ओळख झाली की निम्मी रचना आपोआप सुचते.

आता अवजारं. घरगुती रचनेला फार थोडी लागतात, आणि ती एकदाच नीट निवडावीत. पहिलं, धारदार कात्री. बोथट कात्रीनं देठ कापला जात नाही, चेचला जातो, आणि चेचलेल्या वाहिन्या पाणी ओढत नाहीत. मऊ देठांना साधी धारदार कात्री किंवा सुरी, लाकडी फांद्यांना छाटणीची सिकेटर. कडक फांदीचं टोक हातोडीनं ठेचायची जुनी सवय सोडावी. टोकाला उभी चीर द्यावी, काम जास्त स्वच्छ होतं. दुसरं, खोल बादली. तिसरं, पाण्याचा फवारा. आणि चौथं, आधार.

आधार हा रचनेचा न दिसणारा अर्धा भाग. उथळ भांड्यात फूल उभं राहतं ते पिनहोल्डरवर. जड बैठकीवर दाटीनं रोवलेल्या टोकदार पितळी सुया. जपानीत त्याला केन्झान म्हणतात, तलवारींचा डोंगर. देठ सरळ सुयांवर रोवायचा आणि मग हव्या त्या अंगाला हलकेच कलता करायचा. पुष्कळ पिनहोल्डरची बैठक शिशाची असते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात तो ठेवू नये आणि वापरल्यावर हात धुवावेत. रुंद तोंडाच्या खोल भांड्याला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उत्तम. हाताएवढा तुकडा सैलसर चुरगाळून भांड्यात बसवायचा, देठ जाळीच्या दोन-तीन थरांत अडकतात आणि हलत नाहीत. इंग्लंडच्या कॉन्स्टन्स स्प्राय यांनी या साध्या जाळीला मान मिळवून दिला. १९३४ च्या 'फ्लॉवर डेकोरेशन' या त्यांच्या पुस्तकानं आणि कामानं बागेबाहेरच्या रानफुलांना, भाजीच्या पानांना, सुक्या बोंडांना दिवाणखान्यात आणलं. १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या पुष्परचनांची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. काचेच्या फुलदाणीला चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या चौकटीही चालतात. आणि काहीच हाताशी नसेल तर पेरूच्या फांदीची बेचकी. भांड्याच्या गळ्यात ती आडवी ताणून बसवली की दुबेळक्यात देठ अडकतो. जपानी परंपरेत हाच उपाय कुबारी या नावानं शेकडो वर्षं चालत आला आहे. आपल्या गल्लीतल्या पोरांना बेचकीसाठी कुठली फांदी चिवट हे नेमकं माहीत असतं. त्या ज्ञानाला इथे नवा उपयोग आहे.

या यादीत हिरवा फोम नाही, हे जाणकारांच्या लगेच लक्षात येईल. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी 'ओॲसिस' नावानं तो बाजारात आणला आणि सजावटीचं काम सोपं झालं, यात शंका नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं तोच वापरला. पण तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनतो, कुजत नाही, आणि चुरा होऊन सूक्ष्म प्लॅस्टिकच्या रूपात पाण्यात जातो. ऑस्ट्रेलियात झालेल्या २०१९ च्या अभ्यासात हे कण पाण्यातले जीव खातात असं दिसलं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो बंद केला. ज्या फुलांच्या जिवासाठी आपण एवढं करतो, त्यांच्या खाली नदीत जाणारं प्लॅस्टिक ठेवावं, हे मला पटेना. या पुस्तकातल्या सगळ्या रचना फोमशिवाय केल्या आहेत.

भांड्यांसाठी दुकानात जाण्याआधी माळ्यावर जावं. लोणच्याची चिनी मातीची बरणी, आजीचा पितळी डबा, पाणी तापवायचं घंगाळ, तांब्या, मातीचं मडकं. घंगाळात पाणी भरून, देठ अगदी फुलाच्या तळाशी छाटून, उमललेली कमळं आणि झेंडू तरंगत ठेवले तर दारात आलेला माणूस थांबून बघतो. तांब्यापितळेच्या भांड्यात लिंबूरसाचं पाणी घालू नये, आम्लानं धातू चरतो. आत काचेचा पेला ठेवून फुलं त्यात ठेवावीत.

रचनेचे नियम शिकायला मी जपानकडे गेले, ते पुस्तकांतून आणि इथल्या शिक्षकांकडून. इकेबाना म्हणजे जिवंत ठेवलेली फुलं. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरात पुजारी बुद्धापुढे फुलं वाहत, त्यातून इकेनोबो परंपरा वाढली. म्हणजे त्यांचीही सुरुवात आपल्यासारखी देवापुढेच झाली, पण त्यांनी देठ ठेवला. सोळाव्या शतकात तिथल्या इकेनोबो सेन्नोनं शिकवलं की बहरलेल्या फुलाइतकीच वठलेली फांदीही पाहण्याजोगी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन यांनी पश्चिमेकडून आलेली आखूड देठांची फुलं मांडण्यासाठी उथळ थाळ्यातली मोरिबाना पद्धत काढली आणि १९२७ मध्ये तेशिगाहारा सोफू यांनी सोगेत्सू शाखा सुरू केली. आपल्या घरांना सर्वांत उपयोगी पडतं ते त्यांचं माप. भांड्याची उंची आणि रुंदी यांच्या बेरजेच्या दीडपट मुख्य फांदी, तिच्या पाऊणपट दुसरी, दुसरीच्या पाऊणपट तिसरी. १० सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर रुंद थाळा असेल तर पहिली ४५, दुसरी साधारण ३४, तिसरी २५ सेंटिमीटर. पहिली उभ्या रेषेपासून जेमतेम १५ अंश कलती, दुसरी ४५, तिसरी ७५. एवढं माप पाळून तीन फांद्या रोवल्या की मध्ये दोन फुलं पुरतात. माझ्या वर्गात पहिली रचना बहुधा पेरूच्या किंवा डाळिंबाच्या फांद्यांची आणि दोन शेवंत्यांची असते. रिकामी जागा पाहून नवशिक्यांचा हात शिवशिवतो, अजून चार फुलं खोचावीशी वाटतात. हार करणाऱ्या हाताला भरगच्चपणाचीच सवय, त्यात चूक काही नाही. पण देठाच्या फुलाला स्वतःची दिशा असते. फांदी हातात घेऊन फिरवून पाहावी, ती उजेडाकडे कशी वळली होती ते ओळखावं आणि तसंच तिला उभं करावं. रिकाम्या जागेत त्या वळणाला श्वास मिळतो.

पुस्तकाची मांडणी सांगते. पहिलं प्रकरण पाण्याचं, दुसरं अवजारांचं, तिसरं भांड्यांचं. चौथ्यात मापं, तोल आणि हातात बांधायच्या गुच्छाची फिरकी, म्हणजे सगळे देठ एकाच दिशेनं तिरके लावत गुच्छ फिरवत नेण्याची पद्धत. पाचव्यात फुलवार नोंदी. सहाव्यात वर्षाचे बारा महिने, कारण एप्रिलमधल्या बहाव्याची आणि भाद्रपदातल्या तेरड्याची निगा एकसारखी नसते. घाई असेल त्यांनी फक्त पहिलं प्रकरण वाचलं तरी घरात आलेला पुढचा पुष्पगुच्छ वाया जाणार नाही. शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. तिथे आपण मांडलेल्या प्रत्येक रचनेची तारीख, फूल, पाणी आणि ते किती दिवस राहिलं हे लिहावं. हवा, ऋतू, गावचं पाणी, घराची दिशा यांनी इतका फरक पडतो की वर्षभराची अशी वही माझ्या पुस्तकापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाची ठरेल.

हे लिहिताना मी अनेकांची ऋणी आहे. फुलाची जुडी हातात देताना ती कुठल्या दिवशी तोडली हे खरं सांगणाऱ्या बाजारातल्या विक्रेत्यांची, पहाटे चार वाजता कळ्या तोडणाऱ्या शेतमजूर बायकांची आणि माझ्या चुका माझ्याआधी ओळखणाऱ्या विद्यार्थिनींची. आणि आजीची. तिनं मला फुलदाणी कधीच शिकवली नाही, पण वळेसर करायला बसण्याआधी ती दोरा भिजत घालायची. कारण विचारलं तर म्हणायची, "आधी पाणी, मग फूल." हा धडा मला कळायला माझी वीस वर्षं गेली. वाचकांची तेवढी जाऊ नयेत, म्हणून हे पुस्तक.

लेखिका
पुणे, गुढीपाडवा